दमास्कस ते बगदाद, नेर्न बंधूंच्या गाडीने

ऑक्टोबर 1923. दमास्कसमध्ये अजून उजाडलेलं नाही. तुमची ट्रंक बुइकच्या फूटबोर्डवर दोरखंडाने आवळून बांधली आहे. मागे पेट्रोलचे डबे, बाजूला पाण्याने भरलेल्या पखाली. बगदादला एकटी मोटार कधीच निघत नाही, ताफाच निघतो. सुमारे 800 किलोमीटरच्या या वाटेवर एक गाडी बिघडली, तर दुसरीत बसूनच जीव वाचायचा.

ताफ्याचे मालक नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न हे सख्खे भाऊ, न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर आले आणि युद्ध संपल्यावर याच मुलखात राहिले. बैरूतला मोटारी विकायला काढल्या, मग बैरूत ते हैफा भाड्याने फिरवू लागले. घोडागाडीवाल्यांचं पोट त्याच रस्त्यावर, त्यामुळे त्यांनी मनापासून विरोध केला. भाऊ मागे हटले नाहीत. इंजिनातलं त्यांना कळत होतं आणि ठरल्या वेळी गाडी सोडायची शिस्त अंगात मुरली होती.

पण वाळवंट काही त्यांचं नव्हतं. ते ठाऊक होतं मुहम्मद इब्न बस्साम या व्यापाऱ्याला. कोणत्या टोळीचा मुलूख कुठे सुरू होतो, कोणत्या शेखला काय दिलं की प्रवासी सुखरूप जातील, पाणी कुठे आहे, हे सगळं त्याच्याकडून आलं. या कंपनीच्या गोष्टीत दोन भावांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. माझ्या मते इब्न बस्सामचं नाव त्यांच्या बरोबरीने घ्यायला हवं.

दुमैर गाव मागे पडतं आणि झाड म्हणून काही उरत नाही. वाळूचे डोंगर दिसतील अशी तुमची कल्पना होती. दिसतं ते कडक सपाट मैदान, बारीक गोट्यांनी भरलेलं. मध्येच वाळलेल्या चिखलाचे विस्तीर्ण पट्टे येतात. त्यांच्यावर चालक पेडल पूर्ण दाबतो आणि गाडी अशी पळते की वाऱ्याने तुमचे डोळे मिटतात. पण हेच पट्टे पावसाळ्यात गाडी गिळतात. ढग दिसला की चालकाचा चेहरा बदलतो. चाकं आसापर्यंत रुतली की प्रवाशांनी उतरायचं, ओझं खाली काढायचं, खणायचं आणि ढकलायचं. साहेब असो की शिपाई, तिथे सुटका कुणाची नाही.

रस्ता नाहीच. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, त्याही शंभर दिशांना पांगलेल्या. रात्री कंदिलाच्या उजेडात होकायंत्र पाहतात, पण चालकाची खरी भिस्त टेकड्यांच्या ओळखीवर.

तुमच्या पायाशी टपालाची पोती आहेत. लंडनहून बगदादला जाणारं पत्र आजवर सुएझ ओलांडून मुंबईला यायचं आणि मुंबईहून दुसऱ्या बोटीने इराणच्या आखातातून बसऱ्याला जायचं. मुंबई ते बसरा याच वाटेने काही वर्षांपूर्वी महायुद्धात मराठा पलटणीही गेल्या होत्या. त्यांच्यातल्या शिपायाचं पत्र घरी साताऱ्या-रत्नागिरीकडे पोचायचं तेही असंच, समुद्रमार्गे. आता लंडनची पोती आठवड्यांचा वळसा टाळून थेट वाळवंटातून जाणार आहेत. या टपालाच्या कंत्राटावरच नेर्न बंधूंचा धंदा उभा राहिला.

रमादीला फरात नदी दिसते. फलूजाच्या होड्यांच्या पुलावरून गाडी हलतडुलत पार होते, आणि अंगावर इंचभर धूळ घेऊन तुम्ही बगदादमध्ये उतरता.

1925 मध्ये पुन्हा निघालात तर सीरियात द्रूझ पंथीयांचं बंड पेटलेलं असतं. नेहमीची वाट सोडून गाड्या पाल्मिराकडून वळसा घेतात. तुमची नजर सारखी क्षितिजावरच्या घोडेस्वारांकडे जाते.

1928 मध्ये मोटारीच्या जागी सहा चाकांची बस आली आहे. याच साली अगाथा क्रिस्टी या बसने बगदादला गेली आणि पुढे आत्मचरित्रात तिने या प्रवासाबद्दल लिहिलं. पहाटे बस थांबते. थंडी कडाक्याची. स्टोव्हवर डब्यातले सॉसेज तळले जातात, काळा कडक चहा उकळतो. नंतर उजाड माळावर रुतबाचा किल्ला दिसतो. 1923 मध्ये इथे नुसत्या विहिरी होत्या. आता भिंतींच्या आत जेवण आणि बिछाना मिळतो, आणि शेजारच्या धावपट्टीवर इम्पीरियल एअरवेजची विमानं उतरतात. बस आणि विमान, दोघांचे प्रवासी एकाच ठिकाणी पाणी पितात.

1937 च्या बसजवळ गेलात की तिच्या चकचकीत अंगात तुमचाच चेहरा दिसतो. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने ती स्टेनलेस स्टीलमध्ये घडवली आहे. अमेरिकेत ‘झेफर’ नावाची झळझळीत आगगाडी बांधणारी कंपनी हीच. पुढे ट्रॅक्टर, मागे प्रवाशांचा लांबलचक डबा. खिडक्या घट्ट बंद आणि आत थंड हवा! वातानुकूलित बस जगात कुठेही दुर्मीळ असताना ती या माळावर धावते आहे. आणि ती श्रीमंती चाळा म्हणून आणलेली नाही. धूळ आणि उन्हाळा यांनी प्रवासी खचतात, हे वर्षानुवर्षं स्वतः पाहिलेल्या माणसांनी काढलेला तो उपाय आहे. बगदाद आता एका दिवसाच्या आत गाठता येतं.

दुसरं महायुद्ध चालू असताना, मे 1941 मध्ये, रुतबाच्या त्याच किल्ल्यासाठी लढाई होते. या युद्धाच्या काळात नेर्नच्या बसमधून सैनिकही जातात.

जेराल्ड आधीच धंद्यातून बाहेर पडला होता. शेवटी नॉर्मनने कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. वाळवंटात रात्र-रात्र जागून गाडी नेणाऱ्यांचा त्या कंपनीवर वारसाइतकाच हक्क होता. पण तोवर विमान स्वस्त होत चाललं होतं. नव्या सीमांवर कागदपत्रांची तपासणी वाढली होती, आणि राजकारण रोज नवी वाट अडवत होतं. 1950 च्या दशकातच नेर्नच्या गाड्या थांबल्या. दमास्कस-बगदाद मार्गावर पुढेही बस आणि ट्रक धावत राहिले, रुतबावरूनच.