‘संत तुकाराम’ : चरित्रपट आणि चरित्रसाधने

ऐतिहासिक पुरुषांच्या जीवनावरील चित्रपटांविषयी लिहिताना ‘यात खरे किती?’ असा प्रश्न करून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाच्या बाबतीत तो प्रश्न अपुरा पडतो. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित हा बोलपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे.

तुकोबांचे निर्याण शके १५७१ मधील. महीपतीचा ‘भक्तविजय’ शके १६८४ चा. म्हणजे चरित्रकार व चरित्रनायक यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पटकथाकार शिवराम वाशीकर यांनी मुख्यतः ही महीपतीची परंपराच स्वीकारली, आणि पुष्पक विमानासह स्वीकारली. यात नवल नाही; कीर्तनकारही तेच करीत आले होते.

खरी चिकित्सा करावयाची ती सालोमालोच्या पात्राची. तुकोबांना छळणाऱ्या मंबाजीला समकालीन पुरावा आहे. बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत त्याचा उपद्रव स्पष्टपणे येतो. उलट सालोमालो हे गाथेत, दुसऱ्याच्या कवितेवर आपली मुद्रा उमटविणाऱ्यांच्या संदर्भात, ओझरते येणारे नाव. चित्रपटाने मंबाजीस बाजूस सारून या नावाला देह दिला, घर दिले, देवळातील अधिकार दिला. कथेच्या दृष्टीने हे सोयीचे खरे. पण आज सालोमालो म्हटले की डोळ्यांपुढे जी व्यक्ती उभी राहते ती १९३६ सालची आहे, हे ध्यानी ठेवावयास हवे.

जिजाई मात्र अभ्यासकास कोड्यात टाकते. आजारी मुलासाठी देवावर पायताण उगारणारी ही गृहिणी गौरीबाईंनी इतकी सजीव केली आहे की, गाथेतील तिच्या गाऱ्हाण्यांचे अभंग पुन्हा वाचताना त्यांचा अर्थ पालटल्यासारखा वाटतो. प्रस्तुत लेखकास हा अनुभव आला आहे. मात्र तुकोबांची पहिली पत्नी, दुष्काळात अन्नावाचून मेलेली, चित्रपटात नाही. तिच्या मृत्यूचा निर्देश खुद्द तुकोबांच्या आत्मनिवेदनात आहे. त्याहून बळकट साधन ते कोणते? दुष्काळ आणि दिवाळे वगळल्यामुळे वैराग्याची ऐहिक कारणे लोपली आणि तुकोबा जन्मजात विरक्त भासू लागले. सालोमालोपेक्षा हा फेरफार अधिक गंभीर आहे, कारण तो दिसत नाही.

आता अभंगांविषयी. मुंबई सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य देऊन १८६९ ते १८७३ या काळात गाथेची इंदुप्रकाश प्रत सिद्ध करविली, ती प्रक्षिप्ताची निवड व्हावी म्हणून. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग पुढे लोकमुखी तुकोबांचाच ठरला. सालोमालोने तुकोबांची कविता आपली म्हणून मिरविली, असे ज्या चित्रपटात दाखविले, त्याच चित्रपटातील गीतकाराची कविता तुकोबांच्या नावे रूढ व्हावी, हा योग गमतीचा खरा! आठवल्यांनी ती कधी लपविली नव्हती. लोकांनीच ती उचलली, आणि मौखिक परंपरेत प्रक्षेप कसा शिरतो याचे कर्त्याच्या नावासह व सालासह मिळणारे असे उदाहरण जुन्या हस्तलिखितांत सहसा सापडत नाही.