रत्नागिरीच्या वाटेवर गहू आला कुठून?

(आपल्या ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट एका तळलेल्या सुरमईपासून सुरू होते आणि मध्येच हॉलंडला जाऊन येते. तेव्हा जरा धीर धरा.

मे महिन्यात आम्ही चौघं मुंबईहून गाडीने रत्नागिरीला निघालो. साधारण साडेतीनशे किलोमीटर. चौघांतल्या एका मैत्रिणीला सिलिअ‍ॅक आहे (तिला विचारूनच सांगतोय). सिलिअ‍ॅक म्हणजे डाएटचं फॅड नव्हे. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, जवातही त्याचाच भाऊबंद असतो. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. याला औषध नाही. गहू बंद, आयुष्यभर बंद, एवढाच उपाय. 'एक घास खाल्ल्याने काय होतंय' हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलंय की आता ती उत्तरच देत नाही.

पनवेल सोडलं तेव्हापासून हायवेवर काय मिळत होतं? वडापाव, मिसळपाव, सँडविच, पराठा, मॅगी. म्हणजे गहू, गहू, गहू, गहू आणि गहू. तिने दोनदा पोहे खाल्ले. चिपळूणच्या पुढे एका ठिकाणी मासळीची थाळी दिसली आणि आम्हाला हायसं वाटलं. तांदळाची भाकरी, भात, सोलकढी, तळलेली सुरमई. कोकणात आलो, आता काळजी मिटली! सुरमईला बाहेरून रवा लावलेला होता, आणि रवा म्हणजे गहूच. त्यांनी लपवलं नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस तिने खोलीत काढला.

पडल्या पडल्या तिने एकच प्रश्न विचारला. "कोकणात भातच खातात ना? मग हा गहू आला कुठून?"

उत्तर शोधायला आधी थोडं मागे जाऊ. रत्नागिरी जिल्ह्याचं इंग्रजांनी काढलेलं गॅझेटियर १८८० चं. त्यात इथली पिकं वाचा: भात, नाचणी, वरी, हरीक, कुळीथ. गव्हाला तिथे जवळपास जागाच नाही, आणि ते साहजिक आहे. गहू हे थंडीतलं, कोरड्या हवेतलं पीक. इथे जांभा दगडाची जमीन आणि चार महिने कोसळणारा पाऊस. खाचरात भात, डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरी. त्यातही रोज पांढरा भात ही चैन होती बरं का! गरिबाच्या ताटात नाचणीची भाकरी, हरकाचा भात आणि कुळथाचं पिठलं. आज ज्या नाचणीच्या बिस्किटांचं चकचकीत पाकीट आपण विकत घेतो ना, ती नाचणी तेव्हा गरिबीची खूण होती.

आणि एक गंमत बघा. ग्लूटेनमुळे कणीक चिवट होते, ताणली जाते, म्हणून पोळी लाटता येते. तांदळाच्या पिठात तो चिवटपणा नाही. थंड पाण्यात भिजवून लाटायला जा, चिरा पडतात. मग आपल्या बायकांनी काय केलं? उकड काढली. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. उकडीचा मोदक, उकडीची भाकरी, सगळं त्यावर चालतं. घावनाला तर तेवढंही नको, पातळ पीठ थेट तव्यावर. गव्हाशिवाय कसं भागवायचं हा प्रश्न या स्वयंपाकघराने कधीच सोडवून ठेवला होता.

मग बिघडलं कुठे?

मैत्रीण खोलीत झोपली होती तेव्हा आम्ही तिघं (जरा अपराधी मनाने) थिबा पॅलेस बघायला गेलो. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. हे आपल्याला शाळेच्या सहलीपासून माहीत असतं. पण ब्रह्मदेशातून इकडे फक्त राजा आला नाही. दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनी १८५२ मध्येच घेतला होता आणि इरावती नदीच्या मुखाजवळची दलदल साफ करून तिथे भाताचं प्रचंड कोठार उभं केलं होतं. तो 'रंगूनचा तांदूळ' बोटीने मुंबईला उतरायचा. आणि मुंबईत तो खाणाऱ्यांमध्ये कोण होतं? गिरणीत काम करणारा रत्नागिरीचा चाकरमानी. जिल्ह्यात पिकणारं धान्य पुरत नव्हतं म्हणून माणसं मुंबईला गेली, आणि मुंबईत थिबाच्या देशातला भात जेवली. राजा इकडे टेकडीवर नजरकैदेत, त्याच्या देशाचा तांदूळ परळच्या खोल्यांमध्ये. मला हे कळलं तेव्हा मी पॅलेसच्या पायरीवर जरा वेळ बसूनच राहिलो.

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि हा तांदूळ एका झटक्यात बंद झाला. युद्धाआधी ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास तांदूळ यायचा. बंगालमध्ये पुढच्या वर्षी दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. कार्डावर तांदूळ मोजून मापून, आणि उरलेली भूक भागवायला गहू आणि इतर धान्यं. भातखाऊ माणसांच्या हातात गहू पडला. ज्यांच्या घरी पोळपाट लाटणं सणावारापुरतं निघायचं, तिथे रोजच्या पोळ्या सुरू होण्याचा रस्ता इथून खुला झाला.

आता हॉलंड. तेच महायुद्ध, दीड-दोन वर्षांनंतर. १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट अडवली होती, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते, हजारो माणसं उपासमारीने गेली. हेग शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये विलेम कारेल डिके नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे सिलिअ‍ॅकची मुलं होती, हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. तेव्हा जगात कोणालाच या आजाराचं कारण माहीत नव्हतं. अमेरिकेत तर अशा मुलांना केळी खायला घालायचे, आणि त्यातली बरीच सुधारायचीही. पण ती केळ्यांमुळे नव्हे, केळी खाताना पाव बंद व्हायचा म्हणून!

डिके यांना पावाचा संशय युद्धाच्या आधीपासून होता. त्या भुकेच्या हिवाळ्यात सगळा देश वाळत असताना ही मुलं मात्र बिघडली नाहीत, उलट सावरली. मदतीचा पाव पुन्हा मिळू लागला तशी पुन्हा आजारी पडली. 'भुकेच्या हिवाळ्यात अचानक शोध लागला' अशी गोष्ट सांगितली जाते, ती तितकीशी खरी नाही. हिवाळ्याने संशय पक्का केला, इतकंच. नंतर त्यांनी मुलांना आलटून पालटून गहू देऊन आणि काढून, मोजमापं घेऊन, १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. पुढे सहकाऱ्यांबरोबर गव्हातला नेमका दोषी भागही शोधला, ग्लूटेन.

म्हणजे बघा हं, एकच युद्ध. तिकडे पाव गायब झाला आणि कळलं की काही मुलांसाठी पाव हेच विष आहे. इकडे तांदूळ गायब झाला आणि भात खाणाऱ्यांच्या ताटात गहू आला. एकमेकांना या दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता.

पुढचं पटकन सांगतो. युद्ध संपलं तरी गहू परत गेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेने 'पीएल ४८०' कायदा केला, १९५६ पासून त्याखाली अमेरिकन गहू बोटी भरभरून येऊ लागला. तुमच्या आजीला त्या लाल गव्हाबद्दल विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. मग हरितक्रांती, पंजाबचा गहू. पाव पोर्तुगीजांमुळे शेकडो वर्षं किनाऱ्यावर होताच, पण १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर वडा त्याच्यात शिरला असं सांगतात, आणि तो चाकरमान्याबरोबर गावी गेला. पूर्वी कोकणात जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट, सोबत घरची शिदोरी. हायवे आला, शिदोरी सुटली, आणि रस्त्यावर जेवण कोणतं उभं राहिलं? मुंबईचं. घराघरातला घावन-आंबोळीचा तवा हायवेवर फारसा आलाच नाही, कारण गावच्या माणसाला वाटतं, पाहुण्याला हे काय द्यायचं! माझं मत विचाराल तर सगळ्या गोष्टीतलं खरं दुखणं इथे आहे.

आणि दुसरा हिशोब. भारतातल्या तीन भागांची तुलना करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. उत्तरेत सिलिअ‍ॅक शंभरात एकाच्या थोडं वर, दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. आजाराला पोषक जनुकं मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच. मोठा फरक होता रोजच्या गव्हाचा. कोकणातली ताटं आता कोणत्या दिशेला सरकतायत, तुम्हीच बघा.

बरं, आता रत्नागिरीत खायचं काय? आम्ही उरलेले तीन दिवस जे शिकलो ते सांगतो. घावन, उकडीचे मोदक, पातोळे, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आंबोळी, फणसाचं सांदण, हे मुळातच बिनगव्हाचं. पण मुळात असणं वेगळं आणि ताटात येणं वेगळं. कोंबडी-वड्यांच्या पिठात काही घरी थोडे गहू दळतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच म्हणा ना. तळणीच्या मोदकाची पारी गव्हाची. मासा रव्यात की तांदळाच्या पिठात, हे आता आम्ही पाणी येण्याआधी विचारतो. आणि सगळ्यात छुपा शत्रू म्हणजे हिंग! बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बरेचदा मैदा असतं. म्हणजे बिचारं कुळथाचं पिठलंसुद्धा फोडणीत फसू शकतं. डबीवर घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो.

हॉटेलात 'ग्लूटेन-फ्री' म्हणू नका, लोक गोंधळतात. कायद्यात त्या शब्दाला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती पाकिटासाठी, तव्यासाठी नाही. "हिला गहू, मैदा, रवा अजिबात चालत नाही, आजारी पडते" असं सरळ सांगा. 'डाएट' म्हटलंत की कोणी मनावर घेत नाही, 'आजारी पडते' म्हटलं की मावशी स्वतः बाहेर येतात.

शेवटच्या दिवशी पावसजवळ एका घरगुती खानावळीत असंच झालं. मावशींनी ऐकलं, आत गेल्या, पोळीचा तवा बाजूला ठेवून बिडाचा वेगळा काढला. पीठ कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मोदकाचंच आहे, गिरणीत तांदळावर दळलेलं. आता हे शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. मोदक पांढरेशुभ्र व्हावेत म्हणून आपल्याकडे आधीपासून गिरणीवाल्याला बजावतात की गव्हावर दळू नका, आधी तांदूळ दळून झाला की त्यावर आमचा टाका. मोदकाच्या रंगासाठी पाळलेला नियम माझ्या मैत्रिणीच्या आतड्याला उपयोगी पडला.

तिने नारळाच्या रसाबरोबर सात घावन खाल्ले. आम्ही मोजले.