निःशुल्क उपग्रह दूरचित्रवाणी

वर्गणी न भरता उपग्रहावरील खुल्या वाहिन्या स्वतःच्या डिशवर पकडण्याचा छंद. भारतात त्याची सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश; डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. दोन फुटी डिश, एलएनबी (डिशने एकवटलेला सिग्नल टिपणारा भाग), केबल आणि सेट-टॉप बॉक्स एवढे साहित्य पुरते. खरे कौशल्य डिश रोखण्यात आहे. फ्री डिशच्या वाहिन्या देणारा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५° पूर्व रेखांशाशी, सुमारे ३६,००० किमी. उंचीवर असल्याने महाराष्ट्रातून डिश आग्नेयेकडे वळवतात. पडद्यावरील सिग्नलची पट्टी पाहत ती केसभर सरकवावी लागते. आड आलेले एखादे झाडही चित्र घालवते. फ्री डिश ज्या केयू बँड या वारंवारता-पट्ट्यावर चालते, त्याचा सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो. सी बँडला पावसाचा त्रास कमी, मात्र त्यासाठी सहा ते आठ फुटी डिश लागते.