गहाणखत, मुदतखरेदी आणि साठीतला शेतकरी

या आठवड्यात पिकाबद्दल काही लिहीत नाही. लग्नसराई आणि पेरणी एकाच तोंडावर आली की आमच्याकडे सब-रजिस्ट्रारच्या हापिसात गर्दी होते, आणि त्यात साठी ओलांडलेली माणसं जास्त दिसतात. सातबारा त्यांच्याच नावावर असतो ना. तिथं जे कागद होतात त्यांची मुळं दीडशे वर्षं जुनी आहेत, ती लिहून ठेवतो.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. रोखे आणि वह्या हातात आल्या तशा जाळल्या. माणसांना फारसा हात लावला नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं. शाळेत याचं कारण सावकाराची पिळवणूक एवढंच सांगतात. मेख कागदात होती.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं 1861 ते 1865 आपल्या कापसाला भाव चढला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडला, त्यात सरकारनं सारा वाढवला. आणि 1859 चा मुदतीचा कायदा होताच. रोख्याची मुदत तीन वर्षं, म्हणजे व्याज साठत जाऊ नये, असा हेतू. सावकारानं काय केलं, तीन वर्षं भरत आली की नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल.

हिशेब करून बघा. शंभर रुपये, महिना शेकडा दोन धरू. तीन वर्षांनी 172. त्यावर परत तीन वर्षं, 296. नऊ वर्षं झाली की 509. मधे एक पैसा नवा घेतलेला नाही. तिशीत अंगठा देणाऱ्याच्या डोक्यावर साठीला, कागदोपत्री, साडेबावीस हजारांच्या वर बसतात. तेवढी त्याची जमीनही नसेल. मग ते देणं पोराच्या नावानं चालू.

दंग्यानंतर कमिशन बसलं आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आधी पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत. कोर्टानं नुसता रोखा बघायचा नाही, पहिल्यापासून किती दिले, किती फेडले ते उकरायचं. हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही. शिवाय पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क दिला. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. पुढं 1882 ला पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली. पण कुणब्याची बचत तिकडं थोडीच गेली. त्याची बचत म्हणजे बैल, बायकोच्या अंगावरचं डाग, आणि जमलं तर बांधाशेजारचा तुकडा.

कायदा गहाणाला कडक झाला तसा सावकार खरेदीखताकडं वळला. कागदावर विक्री, तोंडी बोली परतीची. 1929 साली गहाणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली: परतीची अट त्याच विक्रीच्या दस्तात असेल तरच त्याला गहाण समजायचं.

हे आजही लागू आहे, आणि आमच्या शिवारातली म्हातारी माणसं इथंच फसतात. खरेदीखत रजिस्टर होतं, आणि पैसे आणून दिले की जमीन परत, हे वेगळ्या स्टँपवर लिहितात. गहाण असेल तर सोडवायला 30 वर्षं मिळतात. वेगळा करार असेल तर तारीख हुकली की बहुतेक वेळा जमीन गेली. तारीख गाठायला पासष्टीतला माणूस पैसा कुठून आणणार? त्याची सगळी पुंजी त्याच जमिनीत अडकलेली.

शहरात साठीपुढच्यांना 2007 पासून राहत्या घरावर उलटं गहाण मिळतं, बँकच महिन्याला पैसे देते. शेतजमिनीला ती सोय नाही. म्हणून माझं मत, दवाखाना असो की लग्न, आधी सोनं बँकेत ठेवा. डाग गेला तर गेला. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो तरी, आणि भरला की कमी होतो. तोही वेळेत काढून घ्यावा. भूविकास बँकेचं विहिरी-पाइपलाइनचं कर्ज आठवत असेल. ते 2022 साली माफ झालं तोवर कित्येक कर्जदार म्हातारे झाले होते आणि काही गेले होते.

जमीन अवैध सावकारीत गेली असेल तर 2014 च्या कायद्यानं जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो, 15 वर्षांच्या आतला व्यवहार हवा. चौकशीत पहिला प्रश्न येतो तो व्याज दिल्याचा पुरावा काय. आमच्याकडं ते अजून हातावर देतात, पावती मागायला लाजतात. निदान बँकेतून तरी द्या, नाहीतर पोरासमोर वहीत तारीख टाका.