चेहऱ्याची पुनर्रचना आणि मूलपेशी उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (अचलपूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
सौंदर्यवृद्धीसाठी त्वचेखाली फिलर टोचण्याची प्रथा आज महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. त्यातून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीवर मूलपेशी उपचार सुचविला जातो. या उपचाराचे मूल्यमापन करण्यासाठी चेहऱ्याच्या पुनर्रचनेचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासातील काही टप्प्यांचा विचार केला आहे.

पुण्यातील शस्त्रक्रिया :
टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी हा गाडीवान कैद झाला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इ. स. १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा बनविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेतून नवे नाक घडविले. मेणाच्या साच्यावरून त्वचेचा आकार आखून, भुवयांमधील देठ तसाच जोडलेला ठेवून ती त्वचा खाली वळविण्यात आली. देठातून रक्तपुरवठा चालू राहिल्यामुळे ती जगली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने ही पद्धत अवलंबिली. रुग्णाचे चित्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी काढलेले होते. म्हणजेच परिणाम काही काळानंतर तपासला गेला होता. मात्र मूळ कारागिराचे नाव त्या वृत्तांतात नाही.

अचलपूर परिसर व कुष्ठरोग :
अचलपूरलगतच्या कोठारा येथील मिशनचे रुग्णालय दीर्घकाळ कुष्ठसेवेशी निगडित आहे, तर अमरावतीच्या तपोवनची स्थापना डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये केली. कुष्ठरोगात नाकाचा आधार खचतो, भुवया झडतात. १९८१ नंतर बहुविध औषधोपचाराने रोग बरा होऊ लागला, तरी खचलेले नाक औषधाने पूर्ववत होत नाही आणि समाज बरे झालेल्यालाही चेहऱ्यावरून ओळखतो. मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनी अशा रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जरी उपयोगात आणली. वऱ्हाडातील या रुग्णांच्या दृष्टीने चेहरा हा हौसेचा नव्हे, तर घरात व गावात परत स्वीकारले जाण्याचा प्रश्न होता.

फिलरचा इतिहास :
व्हिएन्नातील गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये व्हॅसलीन टोचण्याचा प्रयोग केला. पुढे पॅराफिन लोकप्रिय झाले. परंतु काही वर्षांनी गाठी, व्रण व अंधत्व दिसू लागले. नंतर द्रवरूप सिलिकॉनच्या बाबतीतही हेच घडले. आजचे हायलुरॉनिक आम्लाचे फिलर तुलनेने सुरक्षित आहेत व हायलुरॉनिडेज या विकराने ते विरघळविता येतात. तथापि ते रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचा मृत होते, क्वचित दृष्टीही जाते. कावसजीच्या नव्या नाकाला जगविणारा भुवयांमधील भागच या बाबतीत विशेष धोक्याचा आहे.

मूलपेशी उपचार :
चरबीत बहुक्षम पेशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. या पेशींतून स्रवणारी द्रव्ये नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस साहाय्य करतात, असे मानले जाते. फिलरमुळे नाकाची त्वचा मृत झालेल्या मोजक्या रुग्णांवरील अनुभव दक्षिण कोरियातून २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे, जखम पेशींमुळे भरली की नैसर्गिकरीत्या, हे त्यावरून ठरविता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर प्रायोगिकच असून तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाही.

निष्कर्ष :
पॅराफिनचा स्वीकार प्रथम झाला व परीक्षण नंतर. त्याची किंमत रुग्णांनी मोजली. मूलपेशींच्या बाबतीत हा क्रम उलटा असणे आवश्यक आहे. विद्रूपतेमुळे समाजाबाहेर पडलेली व्यक्ती कोणत्याही आशेला लवकर बळी पडते, म्हणून तिची संमती पूर्ण माहितीवर आधारलेली असणे अधिकच महत्त्वाचे ठरते. नाकाची मोठी हानी झाल्यास शल्यविशारद आजही कपाळावरील त्वचेचाच आधार घेतात. दोन शतकांच्या अनुभवावर टिकलेली ही पद्धत नव्या उपचारांसाठी योग्य मापदंड ठरते.