पडली की उठव

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा मामांनी विचारलं, "अरे, तेव्हा तू रात्री फोन उशाशी घेऊन का झोपायचास?" मामा, उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथेच लिहितो.

आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर ऑफिसातल्याच एका खोलीत होता. मेल सर्व्हर म्हणजे एकच प्रोग्रॅम नव्हे. एक निरोप घेतो, एक पुढे पाठवतो, एक ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो. त्यातला एक जरी बंद पडला, तरी सकाळी साहेबांचा पहिला फोन मला!

हे दुखणं जुनं आहे. एरिक ऑलमनचा सेंडमेल १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर आला, तो एकच अवाढव्य प्रोग्रॅम होता. पुढे नव्वदच्या दशकात डॅनियल बर्नस्टाईनने क्यूमेल लिहिताना कामाचे छोटे छोटे तुकडे केले. त्यानेच 'सुपरवाइज' नावाचा एक राखणदारही लिहिला. राखणदार सर्व्हिसला स्वतःच सुरू करतो, त्यामुळे ती मेली की त्याला लगेच कळतं आणि तो ती पुन्हा सुरू करतो. १९९८ मध्ये आलेल्या वित्से वेनेमाच्या पोस्टफिक्समध्ये हेच काम 'मास्टर' करतो. विंडोज २००० मध्ये तर सर्व्हिस पहिल्यांदा पडली तर काय, दुसऱ्यांदा पडली तर काय, हेही ठरवून ठेवता यायचं.

पण जिवंत असणं वेगळं आणि काम करणं वेगळं. म्हणून २००६ साली मी एक स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी पंचवीस नंबरच्या पोर्टवर टकटक करायची. '२२०' असं उत्तर आलं तर ठीक, नाहीतर सर्व्हिस रीस्टार्ट. तीन महिने मी गाढ झोपलो.

मग एका शुक्रवारी हार्ड डिस्कच गेली. दोन दिवसांच्या मेल्स बॅकअपमध्ये नव्हत्या. अकाउंट्समधल्या एका बाईंच्या वडिलांनी आजारपणात लिहिलेली शेवटची मेल त्यातच होती. नंतर लॉग उघडला, तर डिस्क कित्येक आठवडे कुरकुरत होती. सर्व्हिस रोज रात्री पडत होती, आणि माझी स्क्रिप्ट तिला रोज इमानेइतबारे उठवत होती. ती का पडते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

१ जानेवारी २०२२ ला एक्स्चेंज सर्व्हरवाल्यांना हाच धडा मिळाला. व्हायरस तपासणाऱ्या भागात तारखेवरून बनलेला आकडा २,२०,१०,१०,००१ झाला, आणि त्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा होता २,१४,७४,८३,६४७. जगभर मेल्स रांगेत अडकल्या. तिथे नुसतं रीस्टार्ट करून काय होणार?

आता मी स्क्रिप्टला उठवायलाही सांगतो आणि मोजायलाही. एका रात्रीत तिसऱ्यांदा पडली की मला उठव.

म्हणून मामा, फोन अजूनही उशाशीच असतो. असो.