मुंबईची गुणपत्रिका, गडचिरोलीचा केसपेपर

ऑक्टोबर १९८५ मध्ये मुंबई विद्यापीठाने एम.डी.ची परीक्षा घेतली. विषय होता स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. उत्तीर्णांमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या मुलीचे नाव होते. त्याच परीक्षेत अनुत्तीर्ण ठरलेल्या एका डॉक्टरने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. गुणांच्या तक्त्यात मागाहून फेरफार झाले, अशी त्याची तक्रार होती. मार्च १९८६ मध्ये एकसदस्य पीठाने ती उचलून धरली आणि हे फेरफार मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाले असा निष्कर्ष काढला. निलंगेकरांना पायउतार व्हावे लागले. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. अपिलात खंडपीठाने ‘सांगण्यावरून’ हा भाग थेट सिद्ध झालेला मानला नाही, पण मुख्यमंत्र्यांविषयीची प्रतिकूल टिप्पणी कायम राहिली. २ डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती पुसली नाही. तक्रारदाराचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला असला, तरी प्रश्न लोकहिताचा असेल तर न्यायालयाला त्याकडे पाठ फिरवता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र पुढे जनहित याचिकांच्या चर्चेत वारंवार आले.

महाराष्ट्राने हे प्रकरण राजकीय इतिहास म्हणून लक्षात ठेवले. गुणांच्या खाडाखोडीवरून मुख्यमंत्र्याचे पद गेले, एवढाच त्याचा सारांश उरला. परीक्षा कोणत्या विषयाची होती, हा तपशील कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. तो महत्त्वाचा का आहे, हे कळायला त्याच वर्षी राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते ते पाहावे लागते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या पूर्वेचा, बहुतांश जंगलाचा, माडिया आणि गोंड वस्तीचा हा मुलूख. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दक्षिणेकडचे सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर. भामरागडजवळ हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे काम करत होते. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणी बंग स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ज्या स्त्रिया आजारी म्हणून दवाखान्यात आल्या त्यांचीच नव्हे, तर गावातल्या सगळ्या स्त्रियांची पाहणी करायची, ही त्यामागची दृष्टी होती. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले. आणि याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

म्हणजे मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पदवीचे गुण कुणी आणि का बदलले यावर न्यायालयात युक्तिवाद चालू होता, त्या सुमारास गडचिरोलीत शंभरातल्या ब्याण्णव बायका तज्ज्ञाची गरज असलेले दुखणे अंगावर काढत होत्या. मुंबईतल्या खाडाखोडीमुळे गडचिरोलीत कुणी दगावले, असे कुणी म्हणणार नाही. दोन घटनांत कार्यकारणाचा धागा नाही. पण ती पदवी कशासाठी असते, याचे उत्तर मुंबईच्या गुणतक्त्यात मिळत नाही. ते या ६५० केसपेपरांत मिळते. परीक्षेतल्या लबाडीचा इतिहास आपण नेहमी परीक्षागृहापासून लिहीत आलो आहोत. तो रुग्णाच्या टोकाकडून वाचला तर वेगळा दिसतो.

वैद्यकाच्या परीक्षेत एक गोष्ट इतर परीक्षांहून निराळी आहे. आपल्याकडे विद्यापीठाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली, आंतरवासिता पुरी झाली, की राज्याच्या वैद्यक परिषदेत नोंदणी होते. परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात अशा सामायिक परीक्षेची तरतूद झाली, पण ती अजून अमलात आलेली नाही. त्यामुळे विद्यापीठाची गुणपत्रिका हाच व्यवहारात परवाना ठरतो. परीक्षकाने तिथे वाढवलेला एक गुण म्हणजे माणसाच्या शरीरावर सुरी चालवण्याची परवानगी.

हे कायदेमंडळाला माहीत नव्हते असे नाही. विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्याच वयाचा आहे. प्रश्नपत्रिका फोडणे, दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणे, उत्तरे पुरवणे हे गुन्हे त्यात आले. तरी तीन वर्षांत मुंबईचे प्रकरण घडलेच. कॉपी म्हणजे मागच्या बाकावरच्या पोराचा उद्योग, अशी समजूत तोवर होती. लबाडी तपासणाऱ्याच्या टेबलावरही होऊ शकते, हे १९८६ ने दाखवले.

विदर्भाला त्याचा अनुभव १९९९ मध्ये आला. नागपूर विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाच्या वाटेने गुण वाढवून देण्याचा धंदा उघडकीस आला. एका सहायक कुलसचिवाच्या आडनावावरून तो ‘कोहचाडे प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. खटले वर्षानुवर्षे चालले. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली महाविद्यालये तेव्हा याच विद्यापीठाला जोडलेली होती. गोंडवाना विद्यापीठ निघाले ते २०११ मध्ये. पदवीवरचा शिक्का सर्वांना एकच असतो. गुण विकत घेणारा आणि कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून पास झालेला, दोघांच्या प्रमाणपत्रावरची सही सारखीच. संशय आला की तो दोघांवर येतो. फरक एवढाच, की पहिल्याकडे वशिला आणि पैसा आधीपासून असतो, दुसऱ्याकडे त्या कागदाशिवाय काही नसते.

शेजारच्या मध्य प्रदेशात हा धंदा कारखान्याच्या प्रमाणात गेला. राज्याच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या नावावरून ‘व्यापमं’ म्हणून तो देशभर गाजला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हुशार मुलाला पैसे देऊन बसवायचे, त्याच्यामागे पैसे भरलेल्या उमेदवाराचा क्रमांक लावायचा. एक इंजिन, एक बोगी. २०१३ मध्ये इंदूरला अटका सुरू झाल्या. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. त्यांतल्या काहींचे शिक्षण तोवर पुरेही झाले होते.

या खटल्यातली एक उपकथा आपल्या दोन जिल्ह्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मे २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठात मतभेद झाला होता. न्या. चेलमेश्वर यांचे म्हणणे असे, की इतक्या वर्षांचे शिक्षण वाया घालवण्यापेक्षा या मुलांनी डॉक्टर झाल्यावर पाच वर्षे नियमित वेतनाविना देशसेवा करावी आणि नंतरच त्यांना पदवी द्यावी. न्या. सप्रे सहमत झाले नाहीत. प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेले आणि फसवणुकीतून मिळालेला लाभ कोणत्याही अटीवर टिकवता येणार नाही, असा निर्णय झाला.

वरवर पाहता चेलमेश्वरांची सूचना व्यवहारी वाटते. डॉक्टर कमी आहेत, सहाशे डॉक्टर फुकट मिळत आहेत, नाही का म्हणावे? पण महाराष्ट्रात एक जुना वाक्प्रयोग आहे: ‘गडचिरोलीला पाठवीन.’ सरकारी नोकराला दिलेली ही धमकी. ज्या जिल्ह्यात बदली ही शिक्षा समजली जाते, तिथल्या लोकांना या सूचनेचा दुसरा अर्थ चटकन कळेल. पाच वर्षांची अशी सेवा शेवटी कुणाच्या वाट्याला आली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. आडवळणाचा रुग्ण हा कुणाच्याही प्रायश्चित्ताचे ठिकाण नव्हे. मुंबईत एक डॉक्टर चुकला तर दुसऱ्याचा सल्ला घेता येतो. एटापल्लीच्या आतल्या गावात पहिला डॉक्टर हाच शेवटचा असतो. म्हणून जिथे डॉक्टर एकच असतो, तिथे त्याची परीक्षा अधिक खरी असावी लागते.

मग प्रामाणिक विद्यार्थ्याचे काय होते? याची दोन उत्तरे गेल्या दहा वर्षांत मिळाली, आणि दोन्ही त्याच्या विरोधातच गेली. ३ मे २०१५ च्या अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उत्तरे बाहेरून मोबाइलवर पुरवली गेली. बनियनमध्ये शिवलेली उपकरणे सापडली. तपासात ४४ लाभार्थी निघाले. परीक्षार्थी होते सहा लाखांहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाने १५ जूनला संपूर्ण परीक्षा रद्द केली आणि २५ जुलैला ती पुन्हा झाली. तेव्हा महाराष्ट्रात राज्याची वेगळी सीईटी होती आणि ही परीक्षा मुख्यतः देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी होती, म्हणून आपल्याकडे झळ कमी लागली. पण तारीख पाहा. जुलैअखेर म्हणजे भर पावसाळा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. ‘सर्वांची पुन्हा परीक्षा’ हा न्याय कागदावर समान असतो. नदी ओलांडून येणाऱ्याला तो समान राहत नाही.

२०२४ मध्ये उलटे घडले. आता राज्याची सीईटी जाऊन सर्वांसाठी एकच ‘नीट’ होती. ५ मे रोजी सुमारे तेवीस लाख मुले बसली. ४ जूनच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले. १,५६३ जणांना वेळ कमी मिळाल्याबद्दल वाढीव गुण दिले होते, ते मागे घ्यावे लागले. पाटणा आणि हजारीबागेत पेपर फुटल्याचे तपासात पुढे आले. आपल्याकडे लातुरात दोन जिल्हा परिषद शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. केंद्राचा नवा गैरप्रकारविरोधी कायदा २१ जूनला लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री, पदव्युत्तर ‘नीट’ अवघ्या काही तासांवर असताना पुढे ढकलली गेली. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ची फेरपरीक्षा नाकारली. गळतीचा लाभ पाटणा-हजारीबागेतल्या सुमारे १५५ जणांपुरता दिसतो, संपूर्ण परीक्षाच नासली असे दिसत नाही, असे त्याचे कारण. २०१५ मध्ये ४४ जणांसाठी सहा लाखांना पुन्हा बसवले. २०२४ मध्ये तेवीस लाखांना पुन्हा बसवायचे नाही म्हणून संशय तसाच ठेवला. दोन्ही निर्णयांमागे तर्क आहे. पण दोन्ही वेळा किंमत मोजली ती ज्याने काहीच केले नव्हते त्याने. ज्या घरात दुसऱ्या वर्षीच्या शिकवणीचे पैसे आहेत, तिथे ती किंमत एक वर्ष असते. ज्या घरात नाहीत, तिथे ती डॉक्टरकी सोडून देणे असते.

खऱ्या अर्थाने परवान्याची म्हणावी अशी एक परीक्षा मात्र २००२ पासून आहे: परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांची चाळणी परीक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ७३ जणांवर गुन्हा नोंदवला. ती परीक्षा उत्तीर्ण न होताच त्यांची राज्यांच्या वैद्यक परिषदांत नोंदणी झाली होती, असा आरोप. परिषदा होत्या चौदा. इथे उत्तरपत्रिकेत कॉपी करण्याचीही गरज उरली नव्हती. नोंदवही सांभाळणाऱ्यांकडूनच दार उघडे राहिले होते. १९८५ चा गुणतक्ता आणि २०२२ ची नोंदवही यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे, पण खोट तीच: कागद खरा, त्यावरचे नाव खरे, फक्त मधली परीक्षा खोटी.

दरम्यान या दोन जिल्ह्यांत दारे उघडली आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज त्याला मा. सा. कन्नमवारांचे नाव आहे. गडचिरोलीच्या शासकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये शंभर जागांची परवानगी मिळाली. ज्या जिल्ह्यातल्या बायकांच्या केसपेपरांनी १९८९ मध्ये जगाला चकित केले, त्या जिल्ह्यात आता डॉक्टर घडणार आहेत. तिथल्या पहिल्या तुकड्या त्याच ‘नीट’मधून आल्या आहेत, जिच्यावर संशयाचे सावट आहे. त्या मुलांचा यात दोष नाही. पण आपली गुणपत्रिका खरी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे इतरांनी त्यांच्या डोक्यावर ठेवले आहे.

याच जिल्ह्यात एक वेगळी परीक्षाही घडून गेली आहे. १९९३ नंतर ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांच्या घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या होत्या पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावच्याच बायका. त्या बाळाचे वजन करीत, श्वास मोजत, ताप पाहत आणि सगळे वहीत लिहून ठेवत. पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन ती वही आणि ते बाळ दोन्ही तपासत. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. त्या बायकांच्या हाती पदवी नव्हती. पण त्यांच्या वहीत चुकीचा आकडा लिहिला गेला असता, तर तो ज्या बाळाचा, ते बाळ समोरच्याच घरात होते. परीक्षक आणि रुग्ण यांच्यात तिथे एका भिंतीचेही अंतर नव्हते.